कापसाचं यंत्र आणि कामगाराचा दिवस

12 एप्रिल 1861 रोजी अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर फोर्ट समटर नावाच्या किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू झाला आणि उत्तर-दक्षिण यादवीला तोंड फुटलं. तापीकाठच्या शेतकऱ्याच्या कानी ही बातमी जाण्याचं काही कारण नव्हतं. पण वर्ष-दीड वर्षातच तिचा परिणाम खानदेशच्या कापसावर दिसू लागला. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने तिथल्या बंदरांची नाकेबंदी केली, मँचेस्टरच्या चात्या थांबल्या आणि इंग्लंडचे व्यापारी मुंबईकडे धावले. मुंबईचे दलाल माल शोधत वऱ्हाड-खानदेशात उतरले.

खानदेशचा कापूस त्याआधीही मुंबईला जात होता, पण रखडत. बैलगाड्यांची लांबच लांब रांग आग्रा रोडने निघायची, थळ घाट उतरायची आणि आठवड्यांनी बंदर गाठायची. वाटेत धूळ बसायची, पावसात माल भिजायचा. नेमक्या युद्धाच्या वर्षांतच ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळकडे सरकत होते. 1 जानेवारी 1865 रोजी थळ घाटाचा अवघड टप्पा खुला झाला आणि खानदेश ते मुंबई अशी लोखंडी वाट सलग झाली.

या रुळांनी जिल्ह्याचा तोल बदलला. धुळे हे कलेक्टरचं ठाणं. 1818 नंतर इंग्रजी अंमल आला तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने इथे आखीव-रेखीव नवी पेठ वसवली होती, आणि मुंबई-आग्रा हमरस्ता गावाला लागूनच होता. पण आगगाडी धुळ्याला बगल देऊन गेली. चाळीसगावहून धुळ्याला फाटा यायला 1900 साल उजाडलं. तोवर साहेबाची कचेरी धुळ्यात आणि कापसाचा बाजार जळगावात, अशी वाटणी पक्की झाली होती. 1906 साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन तुकडे झाले. जळगाव एकाचं मुख्य ठाणं झालं, धुळे दुसऱ्याचं.

युद्धकाळात कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. पैसा आला आणि त्याच्यामागोमाग लबाडीही आली. रुईत सरकी मिसळायची, पाणी मारून वजन वाढवायचं, माती घालायची. हे इतकं बोकाळलं की मुंबई सरकारला 1863 साली कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. मग एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. भाव कोसळले. 1 जुलै 1865 रोजी मुंबईचा शेअर बाजार बसला आणि प्रेमचंद रायचंदसारखे धनवंत होत्याचे नव्हते झाले. जळगावलाही फटका जबर बसला. अमेरिकन युद्धाच्या काळात ही मोठी कापूसपेठ होती आणि युद्ध संपताच भाव उतरल्याने तिचं भारी नुकसान झालं, अशी नोंद 1880 च्या सरकारी गॅझेटियरमध्ये आहे.

फुगा फुटला तरी सगळं गेलं नाही. रूळ राहिले, गाठी बांधायचे दाबयंत्राचे कारखाने राहिले, मुंबईच्या पेढ्यांशी जुळलेले हिशेब राहिले. त्या बळावर 1870 च्या दशकात जळगावात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. तिच्यामागे होती मुंबईची मुळजी जेठा ही भाटिया व्यापाऱ्यांची पेढी. मुंबईत कापडाचा मुळजी जेठा मार्केट आणि जळगावात मू. जे. महाविद्यालय, दोन्हींवर नाव याच घराण्याचं.

व्हिटनीचा जिन, मॅकार्थीचा जिन

खानदेशात आजही कापूस पिंजायच्या आधी तो ‘जिनात’ जातो. बोंडातून निघालेल्या कपाशीत वजनाने तिसरा हिस्सा रुई आणि उरलेली बहुतेक सरकी. ती वेगळी करणं हे कापसाच्या धंद्यातलं सर्वांत किचकट काम. आपल्याकडे ते हातचरकीवर व्हायचं. दोन बारीक रूळ एकमेकांवर फिरायचे, बाई एका हाताने दांडा फिरवायची, दुसऱ्या हाताने कपाशी भरवायची. रुई पलीकडे जायची, सरकी अलीकडे पडायची. दिवसभर राबून हाती येई ती काही शेर रुई.

अमेरिकेत एली व्हिटनी नावाच्या तरुणाने 1793 मध्ये यावर तोडगा काढला. त्याच्या यंत्रात तारेचे दाते असलेला रूळ फिरायचा आणि ते दाते जाळीतून तंतू ओढून घ्यायचे. सरकी जाळीआड राहायची. श्रम वाचवणारं यंत्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. रुई निवडायचे श्रम खरोखरच वाचले. पण रुई झटपट निघू लागल्यावर जास्त कापूस पेरणं परवडू लागलं, आणि पेरायला, खुरपायला, वेचायला माणसं लागली. अमेरिकेत 1790 साली सात लाखांच्या आसपास गुलाम होते; 1860 साली ते चाळीस लाखांच्या घरात गेले. यंत्राने एका ठिकाणचं ओझं उचललं आणि दुसऱ्या ठिकाणी कित्येक पटींनी वाढवून ठेवलं. त्याच गुलामगिरीवरून पुढे यादवी पेटली आणि तिची झळ जळगावपर्यंत पोचली.

व्हिटनीचा जिन मात्र आपल्याकडे फारसा रुजला नाही. इथल्या देशी कापसाचा धागा आखूड. यंत्राच्या दात्यांत तो तुटायचा. खानदेशाला मानवलं ते दुसरं अमेरिकन यंत्र. फोन्स मॅकार्थी याने 1840 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि इंग्लंडमध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांनी ते घडवून जगभर विकलं. याची रचना चरकीच्याच जातकुळीतली. कातड्याने मढवलेला एक रूळ फिरतो. त्याला घट्ट टेकलेली एक स्थिर पाती असते. कातड्याचा खरखरीतपणा तंतूंना धरून पातीखालून ओढतो, सरकी पातीच्या कडेला अडते, आणि वर-खाली हलणारी दुसरी पाती तिला ठोका देऊन खाली पाडते. तंतू तुटत नाही. आज जळगाव जिल्ह्यात जे दुहेरी रुळांचे जिन चालतात ते याच घराण्यातले.

या यंत्राला वाफेचं इंजिन जोडलं की एका लांबलचक दांड्यावरून निघालेले पट्टे ओळीने मांडलेले जिन फिरवत. प्रत्येक जिनापुढे एक बाई. समोर कपाशीचा ढीग, हवेत तंतूंची भुरभुर, कानठळ्या बसवणारा खडखडाट. चरकीवर बसलेली बाई दमली की दांडा थांबायचा. इथला पट्टा बाई दमली म्हणून थांबत नव्हता. पुढे रुई दाबयंत्रात जायची आणि 392 पौंडांची गाठ होऊन मुंबईच्या गाडीत चढायची.

कापसाचा हंगाम चार-सहा महिन्यांचा. त्यात जेवढ्या गाठी बांधल्या जातील तेवढा नफा, म्हणून जिन रात्रंदिवस फिरायचे. 1884-85 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांची माहिती आली, तेव्हा ऐकणारेही चमकले. पहाटे चार-पाचला सुरू झालेलं काम रात्री आठ-नऊला संपायचं. हंगाम ऐन भरात असला की तीच माणसं, त्यात बायकाही, सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस राबवली जायची. अंगात त्राण उरलं नाही की नवी माणसं आणायची.

कायदा नव्हता असं नाही. 1881 सालीच कारखान्यांचा पहिला कायदा झाला होता. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी होती आणि बारा वर्षांखालच्यांना नऊ तासांची मर्यादा. पण तो लागू होता शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्याला, आणि तोही वर्षात चार महिन्यांहून जास्त चालत असेल तरच. खानदेशातले बहुतेक हंगामी जिन या फटीतून अलगद निसटले. मोठ्या बायकांच्या तासांबद्दल तर त्या कायद्यात अवाक्षरही नव्हतं.

लोखंड्यांची मुंबई, हेमार्केटचं शिकागो

त्याच सुमाराला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन कमिशनकडे दिलं. मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, ठरल्या दिवशी पगार आणि कामावर जखमी झालेल्याची सोय. दोन वर्षांनी, मे 1886 मध्ये, शिकागोचे कामगार आठ तासांसाठी रस्त्यावर आले. 4 मेच्या रात्री हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पुढल्या वर्षी चार पुढाऱ्यांना फाशी झाली. जगभरचा कामगार दिन त्या लढ्यातून आला. मुंबईत रक्त सांडलं नाही. जून 1890 मध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

1891 चा सुधारित कायदा या घडामोडींचं फळ. त्याने पन्नास माणसांचा कारखानाही कक्षेत आणला आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची हद्द घातली. या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचाही जोर होता, हे विसरून चालत नाही. हिंदुस्थानातल्या गिरण्या स्वस्त मजुरीवर आपला बाजार खातील ही त्यांना धास्ती. इथल्या मालकांनी आणि पुष्कळशा राष्ट्रीय पुढाऱ्यांनी म्हणूनच कायद्याला विरोध केला. लोखंड्यांचा पवित्रा वेगळा होता. परक्याचा हेतू काही असो, कामगाराला तास मिळत असतील तर ते घ्यावेत, हा त्यांच्या साऱ्या खटपटीचा अर्थ.

अमळनेरचे शेठ

खानदेशच्या गिरण्यांची दुसरी पिढी विसाव्या शतकात आली, आणि ती मुंबईच्या पेढीची नव्हती, गावची होती. अमळनेरचे मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांनी बोरीकाठच्या त्या तालुक्याच्या गावात प्रताप मिल उभारली. धुळ्यात न्यू प्रताप मिल निघाली. चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल आली. भोंग्यावर उठणारी वस्ती आता जळगावपुरती राहिली नाही.

प्रतापशेठांचा पैसा नुसता गिरणीत फिरला नाही. त्यांच्या देणग्यांतून हायस्कूल झालं, पुढे महाविद्यालय झालं. आणि 1916 साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन वेदान्ताचा आणि पाश्चात्त्य दर्शनांचा अभ्यास करायला लावणारी अशी संस्था मुंबई-पुण्यातही नव्हती. कापसाच्या नफ्यातून शंकराचार्य आणि कांट यांच्यावर चर्चा चालत होती.

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगीने हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. पोलादाच्या पैशातून त्याने जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांना मदत दिली. त्याच कार्नेगीच्या होमस्टेड कारखान्यात 1892 साली मजुरी-कपातीवरून तंटा झाला. मालक स्कॉटलंडला सुट्टीवर. व्यवस्थापक फ्रिकने टाळेबंदी केली आणि पिंकर्टन कंपनीचे तीनशे हत्यारबंद पहारेकरी नदीतून आणवले. 6 जुलैला दोन्ही बाजूंची माणसं मेली, पुढे सरकारी फौज आली आणि संघटना मोडली. सहा वर्षांनी कार्नेगीने त्याच भागात एक देखणं ग्रंथालय बांधून दिलं. बारा-बारा तास भट्टीपुढे राबणाऱ्याने ते ग्रंथालय वापरायचं कधी, हा कामगारांचा प्रश्न होता. दानाने शाळा मिळते, ग्रंथ मिळतात. वाचायला लागणारा वेळ दानात मिळत नाही. तो मागावा आणि मिळवावा लागतो.

अमळनेरात या प्रश्नाला एक विलक्षण वळण मिळालं. 1923 च्या सुमारास एम. ए. झालेला एक तरुण तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासाला आला, आणि थोड्याच काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाला. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणं आवरणारा, त्यांचे कपडे धुणारा हा मास्तर म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी. 1930 मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. पण अमळनेर सोडलं नाही. 1938 साली इथूनच त्यांनी ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात शेतसाऱ्यापासून गिरणीतल्या मजुरीपर्यंत सगळं लिहिलं. शेठांच्या संस्थांच्या अंगणात वाढलेले गुरुजी गिरणीच्या दारात कामगारांच्या बाजूने उभे राहिले.

फैजपूर ते लाल बावटा

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, तयारीत राबणाऱ्यांत साने गुरुजी. शेतकऱ्यांच्या कर्जाचा, साऱ्याचा, शेतमजुरांच्या मजुरीचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. अधिवेशन उठून दोन दिवस होतात न होतात तोच, 30 डिसेंबरला, अमेरिकेत फ्लिंट शहरात जनरल मोटर्सच्या कामगारांनी बैठा संप सुरू केला. यंत्रं सोडून बाहेर न पडता ते कारखान्यातच ठाण मांडून बसले आणि 11 फेब्रुवारी 1937 ला कंपनीकडून संघटनेची मान्यता घेऊनच उठले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण मंदीने पिचलेल्या दोन्ही देशांतल्या माणसांना एकच गोष्ट उमगली होती की, एकट्याने गाऱ्हाणं मांडून भागत नाही.

फरक पडला तो पुढे. अमेरिकेत 1935 च्या वॅग्नर कायद्याने कामगारांचा संघटनेचा आणि सौद्याचा हक्क मान्य केला होता. मुंबई इलाख्यात 1938 साली काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचा जो कायदा आणला त्याने संपावरच बंधनं घातली. 7 नोव्हेंबर 1938 ला डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी खांद्याला खांदा लावून त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. स्वराज्याची चाहूल लागली होती. पण स्वराज्यात कामगाराचं काय, याची उत्तरं निरनिराळी होती. खानदेशात गांधीटोपीच्या जोडीने लाल बावटा दिसू लागला तो याच काळात.

दुसरं महायुद्ध आलं, गिरण्या तीन पाळ्यांत धडधडल्या, धान्य महागलं आणि महागाई भत्ता हा रोजच्या बोलण्यातला शब्द झाला. युद्ध संपलं तेव्हा असंतोष उतू चालला होता. 1946 साली अमळनेरात पोलिसांनी कामगारांवर गोळीबार केला. लाल बावट्याचे कार्यकर्ते कॉम्रेड श्रीपत पाटील आणि त्यांचे सोबती त्यात बळी पडले. अण्णा भाऊ साठ्यांनी त्यांच्यावर ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ हा पोवाडा रचला आणि तालुक्याच्या एका गावाची गोष्ट मुंबईच्या चाळीचाळीत पोचली.

त्या गोळीबाराच्या थोडं आधी, 29 डिसेंबर 1945 ला, याच अमळनेरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी काढली. खानदेशी भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप करायचं आणि जोडीला कपडे धुण्याचा साबण. 1966 मध्ये प्रेमजी अचानक वारले. अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकणारा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम परतला आणि कारभार हाती घेतला. 1977 मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली, तेव्हा कंपनीने संगणकाकडे मोर्चा वळवला. तिचं नाव विप्रो. अमळनेरच्या ज्या घरांनी तिचे शेअर जपून ठेवले त्यांचं भलं झालं.

कापडाच्या गिरण्यांचं तसं झालं नाही. जुनी यंत्रं, वाढती देणी, यंत्रमागांची स्पर्धा यांत त्या एकामागून एक थकल्या. धुळे आणि चाळीसगावच्या गिरण्या सरकारी महामंडळाकडे गेल्या आणि पुढे बंद झाल्या. जळगावची खानदेश मिलही बंद पडली. देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले आणि भर शहरातली गिरणीची जमीन बाजारपेठेला मोकळी झाली.

फाटकाबाहेरचं शेत

गिरण्या गेल्या, जिन मात्र राहिले. जळगाव-धुळ्यात कापसाचं पीक अजून मोठं आहे. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून निघालेला जनुक खानदेशच्या काळ्या मातीत पोचला. आता जिनात कपाशी यंत्राने उचलली जाते, आपोआप भरली जाते. ज्या जागी ओळीने बायका उभ्या असत तिथे थोड्या माणसांत काम भागतं. कामाचे तास, पाळ्या, सुट्टी हे सगळं जिनाच्या भिंतीवर लावलेल्या फलकावर लिहिलेलं असतं.

वेचणीचं तसं नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर वेचणीची यंत्रं आली आणि माणसाने कापूस वेचणं तिथे जवळजवळ संपलं. आपल्याकडे ती अजून हातानेच होते आणि बहुतेककरून बायका करतात. कमरेला ओटी बांधून, वाकून, किलोच्या भावाने. बोंडाच्या वाळल्या पाकळ्या बोटांना टोचतात. त्यांच्या दिवसाला ना भोंगा, ना पाळी, ना खाड्याचा पगार. 1881 च्या कायद्यातून हंगामी जिन निसटले होते. वेचणीचं शेत आजही कारखान्यांसाठीच्या कायद्यांबाहेरच आहे.

लहान शेतात चालेल असं वेचणीयंत्र करण्याचे प्रयत्न आपल्याकडे बरीच वर्षं सुरू आहेत. वेचणीला माणसं मिळत नाहीत म्हणून शेतकरी त्याची वाट पाहतो, आणि त्याची अडचण खरी आहे. ते आलं की त्यालाही श्रम वाचवणारं यंत्र म्हटलं जाईल. व्हिटनीच्या जिनाने वाचलेले श्रम मळेवाल्याच्या खिशात गेले, मॅकार्थीच्या जिनाने वाचलेले जिनमालकाच्या. कामगाराच्या वाट्याला त्यातला एखादा तास आला तो लोखंड्यांच्या सह्यांमुळे, संपांमुळे आणि श्रीपत पाटलांसारख्यांच्या जिवावर. वेचणीवाल्या बाईचा वाटा यंत्र शेतात उतरण्याआधी ठरवायला हवा. उतरल्यावर तो मागायला तिच्यापाशी कामच उरलेलं नसेल.